खलनायकाचं गाऱ्हाणं

वहिनी, त्या पाणीवाल्याच्या सिनेमाचा तिसरा भाग आला. तू गेल्याला पुरते वीस दिवस झाले नाहीत, तोवर आला. काल रविवारी जेवण उरकून मी तो टीव्हीवर लावला. दहा मिनिटं झाली असतील नसतील, काळा झगा घातलेला एक माणूस आला आणि म्हणाला, आता सगळे ग्रह राख होतील. का राख होतील, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुझ्या शिव्या ऐकायच्या म्हणून मी फोन हातात घेतला, तुझं नाव काढलं, आणि मग आठवलं. फोन उशीखाली सारून उरलेला सिनेमा तशीच बघत बसले.

तुझं माहेर कुठलं, तू किती शिकलेली, हाताला किती चव होती, हे सगळं तेराव्याला सांगून झालं. त्याच्या शेपटाला ती एक गोष्टही नेहमीसारखी आली. आईच्या वेळेला तू मला वेळेवर कळवलं नाहीस, ही. सहा वर्षं सगळं घर ते धरून चाललंय. आत्या म्हणाली, "बाकी गुनी होती हो, पन त्येवढं मात्र तिनं वाईट केलान." सगळ्यांनी माना हलवल्या. ते खोटं आहे हे जगात दोघींनाच माहीत होतं, एक तू आणि एक मी. तू गेल्यावर मी एकटीच उरले होते. ही गोष्ट मला दादाला सांगायची होती, आणि ती सांगितल्यावर काय झालं ते तुला सांगायचंय. पण आधी सिनेमाचं बोलते. तूही आधी तेच विचारलं असतंस.

लग्न होऊन तू पावसला आलीस तेव्हा मी नववीत होते. दादा महिन्याभरात मस्कतला परत गेला आणि घरात तिघी उरलो, आई, तू आणि मी. तू पूर्णगडची. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडी आणि तिच्यावरची माणसं सांभाळणारे. त्यामुळे खलाशांची भांडणं तुमच्या अंगणात यायची आणि तिथंच मिटायची. आमच्याकडे भांडण नसायचंच, नुसता अबोला. पहिल्या सहा महिन्यांत तू त्या अबोल्यानं अगदी मेटाकुटीला आलीस. मग एक दिवस कपडे वाळत घालताना मला म्हणालीस, "सुधाबाय, रत्नांग्रीत टाकीज हाय ना? चल की जाव."

आईला सांगितलं, वहिनीची दाढ दाखवायला जातो. तुला बघायचा होता तो सासू-सुनेचा सिनेमा आदल्याच दिवशी उतरला होता आणि त्याच्या जागी हिंदी बोलणारे परग्रहवासी आले होते. एवढं एसटीनं आलोय तर बघून जाऊ, म्हणून शिरलो. बाहेर पडलो तेव्हा तू डोळे पुसत होतीस. मला वाटलं, नायकाचा कुत्रा मेला म्हणून. तर म्हणालीस, "कुत्र्याचं काय घेऊन बसलीस? त्या हिरव्याचं काय चुकलं ते सांग मला." हिरवा म्हणजे खलनायक. त्यानंतर दर महिन्याला तुझी दाढ दुखायला लागली. पाचव्या खेपेला आईनं चष्म्यावरून बघत विचारलं, "दाढा तरी किती हायत गो तुला?" तू तोंडाला पदर लावून आत पळालीस आणि मी तुळशीला पाणी घालायला गेले, ते सकाळीच घालून झालं होतं तरी.

पुढे घरात टीव्ही आला, सीडी आल्या, आणि तू तो तुझा उद्योग सुरू केलास. देवळातलं गाऱ्हाणं तुला भारी आवडायचं. गुरव नारळ हातात धरून एकेकाचं म्हणणं देवाच्या कानावर घालतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बायकांनी ते मागे उभं राहून ऐकायचं. तू ते टीव्हीपुढे आणलंस. सिनेमा मध्येच थांबवायचीस, डोक्यावर पदर घ्यायचीस, नारळाच्या जागी रिमोट दोन्ही हातांत धरायचीस, आणि खलनायकाच्या वतीनं बोलायला लागायचीस.

"बा द्येवा म्हाराजा! ह्ये तुजं हिरवं लेकरू लांबच्या गावास्नं आलंय. त्याचं घर कुनी जाळलं आसंल, त्याची मानसं कुनी नेली आसतील, त्याला कुनी भरल्या पंगतीतनं उठवलं आसंल, आनी म्हनून त्याची बुद्धी फिरली आसंल, तर त्ये सगळं त्यानं तुज्या पायाशी ठेवलान हाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हणायचं. मनापासून म्हणता आलं तर सिनेमा पास, घशात अडकलं तर नापास. एकदा आई शेंगा सोलता सोलता 'व्हय म्हाराजा' म्हणून गेली आणि मग देवाची थट्टा केली म्हणून आपणच आपल्या गालात मारून घेतलं. ज्या खलनायकाला गाऱ्हाणंच नसायचं, तिथे तू रिमोट खाली ठेवायचीस. "ह्याचं देवाला काय सांगू? ह्यो नुस्ताच वाईट हाय," म्हणायचीस, आणि उठून भात लावायला जायचीस. सिनेमा संपलेला नसायचा, पण तुझ्यापुरता संपलेला असायचा.

आपला सगळ्यांत आवडता तो पाणीवाला. पहिला भाग. कुठल्याशा उपग्रहावर खाणकामगारांच्या दोन वस्त्या, पाणी अपुरं, आणि एक माणूस फक्त चावी फिरवणारा. खालच्या वस्तीत दवाखाना असतो म्हणून तो वरच्या वस्तीचं पाणी तोडतो. वरची माणसं तडफडतात. तो दारामागे उभा राहून त्यांचं ओरडणं ऐकतो आणि चावी फिरवत नाही. तू म्हणालीस, "ह्यो तर आपला नळपानीवाला." मे महिन्यात आपल्या वाडीला एक दिवसाआड पाणी यायचं आणि सोडणाऱ्याला सगळी वाडी शिव्या घालायची, तू सोडून. त्या पाणीवाल्याचं गाऱ्हाणं तू इतकं लांबवलंस की मधे दूध उतू गेलं. मी आणि आई दोघी ओरडून 'व्हय म्हाराजा' म्हणालो होतो. आईनं त्या दिवशी गालातही मारून घेतलं नाही.

आणि मग दुसरा भाग. तो नेमका आंब्यात आला. "ह्ये मेले दुसरा भाग आंब्यातच कशे काढतात?" असं म्हणत तू पेट्यांत पेंढा भरत होतीस. शेवटी राहवलं नाही, केसांत पेंढ्याच्या काड्या तशाच घेऊन तू माझ्याबरोबर दुपारच्या खेळाला आलीस. पडद्यावर पाणीवाला पहिल्या पाच मिनिटांतच मेला आणि त्याच्या जागी तो काळ्या झग्यातला आला. त्याला सूर्य विझवायचे होते. कारण काय, तर त्याला अंधार आवडतो. तू भर टॉकीजमध्ये मोठ्यानं म्हणालीस, "आवडतो तर दिवे घालवून बस की मेल्या घरात!" पुढच्या रांगेतले लोक वळून हसले. मी मान खाली घातली. त्या वेळी मी नुकती शिक्षिका झाले होते आणि मला अब्रू होती.

त्या दिवशी एसटीची वाट बघताना तू मला तुझं सगळं शास्त्र सांगितलंस. "पहिल्या भागात मानूस वाईट होतो, सुधा. दुसऱ्या भागात वाईट मानूस येतो. होतो त्याच्यापाय जीव तुटतो. येतो त्याला काय, झाडूनं मारायचं नी गप बसायचं." मग वडिलांच्या होडीवरची गोष्ट सांगितलीस. एका खलाशानं दुसऱ्याचं नवं जाळं कापून टाकलं होतं. सगळे म्हणाले, जळका मेला. तुझ्या वडिलांनी त्याला होडीवरून काढलं. वर्षानं कळलं, की बायको अडलेली असताना तुझे वडील होडीवर नव्हते त्या दिवशी ह्याला किनाऱ्याला सोडायचं त्या जाळंवाल्यानं नाकारलं होतं, मासा लागलाय म्हणून. बायको वाचली, मूल गेलं. तो कुणाला बोलला नव्हता. "बाबानं त्याला इचारलंच न्हवतं गो, का कापलंस म्हनून," तू म्हणालीस. "इचारायला पायजे होतं." वडिलांची आठवण काढून तू फारसं काही बोलायची नाहीस. हे मात्र दोनदा बोललीस.

मी तुझ्याशी भांडायचे. भांडायचेच. चिपळूणच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागल्यावर मला सिनेमात फक्त चुका दिसायच्या. "अगं वहिनी, अवकाशात आवाज जात नाही, हा स्फोट ऐकू कसा येतो?" तू म्हणायचीस, "आवाज नाय जात तर नाय जात. पन तो मेला कशापाय बोंबलतोय ते सांग." मी म्हणायचे, परक्या ग्रहावरच्या जीवाचा हेतू आपल्याला कळलाच पाहिजे असं कुठे आहे? रोगजंतूला काय हेतू असतो? वादळाला काय असतो? मग तुझा हुकमी मुद्दा. "मग त्याला तोंड कशाला दिलानी? वादळाला तोंड नसतं. ज्याला तोंड दिलं त्याला बोलायला द्या की." आणखी कुठल्या तरी सिनेमात खलनायकाच्या डोक्यात म्हणे यंत्र बसवलं होतं, ते त्याच्याकडून सगळं करवून घ्यायचं. तू कपाळाला हात लावलास. "म्हंजे अंगात आलं म्हना. अगो, अंगात आलेल्याला पन आपन इचारतो, बाबा तू कोन, तुला काय पायजे. हे सायेब लोक त्येवढं पन इचारत नायत."

हा वाद मिटला नाही. मला अजूनही वाटतं, की सगळ्याच वाईटाला कारण नसतं. तुला वाटायचं, असतंच, शोधणारा आळशी असतो. आता हा वाद मी एकटी दोन्ही बाजूंनी घालते, आणि तुझी बाजू मला तुझ्यासारखी मांडता येत नाही.

माझे हे गेल्यापासून चिपळूणच्या घरात मी एकटी. मग रविवारी दुपारी तीनला आपण फोनवर 'एक, दोन, तीन' म्हणून दोन्ही घरांत एकदम सिनेमा लावायला लागलो. फोन शेजारी चालू. तुझ्याकडचा कुकर मला ऐकू यायचा आणि माझ्याकडचा पाऊस तुला. कधी कधी तुझा सिनेमा दोन सेकंद पुढे असायचा आणि तू आधीच "आता मरनार बघ" म्हणून मजा घालवायचीस. मी चिडायचे. त्या दोन सेकंदांसाठी मी काल काय दिलं असतं, हे लिहून दाखवता येत नाही.

अशाच एका रविवारी, आई जाऊन वर्ष झालं असेल, एका दुसऱ्या भागाला तू नापास केलंस आणि मी विचारलं, "पण हे लोक दर वेळी असंच का करतात गं? पहिल्यात जमतं, मग दुसऱ्यात का नाही जमत?" कुकरची शिट्टी झाली. मग म्हणालीस, "पहिल्या भागात हिरोनं पन चुका केलेल्या असतात. मग लोकांना तो आवडायला लागतो. दुसऱ्या भागात त्याला धुतल्या तांदळासारखा ठेवायचा असतो. मग समोरच्याला कारन देऊन कसं चालंल? समोरच्याचं कारन खरं निघालं तर हिरोच्या अंगावर येनार की." एवढं बोलून तू पुढे लाव म्हणालीस. मी लावला. पण त्यापुढचा सिनेमा मी बघितला नाही, नुसती पडद्याकडे तोंड करून बसले होते. तू माझ्याबद्दल बोलत होतीस का, वहिनी? की सिनेमाबद्दलच? तुझ्या आवाजात काही नव्हतं. असतं तर मी कळवळून काही तरी बोलले तरी असते.

आता ते सांगते.

आईचं जास्त झालं तेव्हा तू मला चार दिवसांत तीन फोन केलेस. पहिल्यांदा म्हणालीस, "आईला जास्त हाय, येऊन जा." मी म्हटलं, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, शनिवारी येते. दुसऱ्यांदा म्हणालीस, "आज तोंडात पानी पन घेतलान नाय. ये गो." मी म्हटलं, बघते. तिसरा आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. मुलींनी सौरऊर्जेवर चालणारी भात भरडायची गिरणी केली होती आणि तिचं चाक अडकत होतं. फोन टेबलाच्या खणात थरथरत होता. तुझं नाव मी बघितलं. खण लावून घेतला आणि चाकाला तेल घालत राहिले. संध्याकाळी शेजाऱ्यांचा फोन आला, तोवर आई गेली होती.

घरी पोचले तर माणसं जमलेली. आत्यानं सगळ्यांदेखत तुला विचारलं, "सुधाला कळवलं न्हवतंस काय गो?" तू चहाचं आधण ठेवत होतीस. वळून माझ्याकडे बघितलंस. तो क्षण मी पुष्कळदा आठवून बघितलाय. तू थांबली होतीस, माझ्यासाठी. मी बोलायला हवं होतं. मी जमिनीकडे बघितलं. मग तू म्हणालीस, "माज्याकडून ऱ्हायलं." आणि चहात साखर घातलीस.

त्यानंतरची माझी करणी ऐक, कारण ती त्याहून वाईट आहे. मी नुसती गप्प राहिले असते तर ते एक वेळ समजता आलं असतं. पण मी हळूहळू ते खरं मानायला लागले. मनात म्हणायचे, तिनं नीट सांगितलंच नाही. 'जास्त आहे' म्हणाली, 'चालली आहे' असं थोडंच म्हणाली. तिला आई एकटीची हवी होती. ती पहिल्यापासूनच तशी. बघ, मी तुझा कसला कच्चा खलनायक लिहिला! 'पहिल्यापासूनच तशी'. त्याला अंधार आवडतो, यात आणि ह्यात काय फरक आहे? आणि असं मनात धरून मी दर रविवारी तीनला तुला फोन करायचे, 'एक, दोन, तीन' म्हणायचे, हसायचे. मला शरम वाटते.

माझं खरं कारण विज्ञान प्रदर्शन नव्हतं. ते तुला माहीत होतं. त्याआधी दोन महिने मी आले होते तेव्हा आई खाटेवर बसली होती. मी पाया पडले. तिनं तुला विचारलं, "ही बाय कोन? मास्तरीन काय?" तू म्हणालीस, "अवो आई, सुधा ही." आईनं मान हलवली, तुझा हात धरला आणि म्हणाली, "माजी सुधा ही काय हितं हाय." मी मागच्या दारी पाण्याच्या दगडी दोणीवर जाऊन तोंड धूत राहिले. तू पाठोपाठ पंचा घेऊन आलीस, तो माझ्या खांद्यावर टाकलास आणि आईपाशी परत गेलीस. मला तुझा हेवा वाटला, वहिनी. इतका वाटला की पुन्हा त्या खाटेसमोर उभं राहायची माझी हिंमत झाली नाही. आई मला न ओळखता जाणार असेल तर मला ते बघायचं नव्हतं.

हे कारण भक्कम आहे की कच्चं, मला ठरवता येत नाही. तू असतीस तर पदर डोक्यावर घेऊन सांगितलं असतंस. पण मला वाटतं, तू चहाच्या आधणापाशी त्या एका क्षणात माझं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं होतंस, मी तोंड न उघडता. आणि मान्य केलं होतंस. जिनं जन्मभर परग्रहावरच्या राक्षसांना कारणं विचारली, तिनं मला विचारलंच नाही, कारण तिला विचारायची गरज नव्हती. तुझ्या वडिलांनी न विचारता माणसाला काढलं, तू न विचारता मला ठेवून घेतलंस. त्याचे मी तुझे उपकार मानते. हे तू जिवंत असताना म्हणायला हवं होतं. गेल्या वर्षी एकदा तू सिनेमा थांबवून म्हणालीही होतीस, "सुधा, एक इचारू?" मी म्हटलं, "काय?" जरा घाईनंच म्हटलं. तू म्हणालीस, "काय नाय. लाव." आणि मी लावला.

चौदाव्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. दादा पडवीत सुपारी कातरत बसला होता. मस्कत सोडून आल्यापासून तो तिथंच बसतो, तुला माहीतच आहे. मी समोर खाली बसले आणि म्हटलं, "दादा, वहिनीनं मला कळवलं होतं. तीनदा फोन केलान होता. मीच आले नाय."

अडकित्ता थांबला. त्यानं तो खाली ठेवला. मग म्हणाला, "मंग ती कशाला म्हनाली, ऱ्हायलं म्हनून?"

हे कारण मात्र मला स्वच्छ माहीत होतं. इतकी वर्षं तुझ्याशेजारी बसून काही तरी शिकलेच असेन ना! मी म्हटलं, "मला हितं येता यावं म्हनून. आई गेलेली, आनी तुला हे कळलं आसतं तर तू मला ह्या दारात उभी केली नसतीस. माजं माहेर ऱ्हावं म्हनून ती वाईट झाली."

"नसतीच केली उभी," दादा म्हणाला.

त्यानं कातरलेली सुपारी परत डब्यात टाकली. त्याचा आवाज वर चढला नाही, तो चढला असता तर बरं झालं असतं. "चार म्हयने मी तिच्याशी बोललो नाय, सुधा. त्या वर्षी. मस्कतवरनं फोन करायचो तो नुस्ता आंब्याच्या कलमांचं इचारायला. ती इचारायची, जेवलाव काय. मी ठेवून द्यायचो. चार म्हयने रोज इचारलान, जेवलाव काय."

वहिनी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. त्या चार महिन्यांत किती रविवार आले असतील! तू फोनवर 'एक, दोन, तीन' म्हणायचीस, आणि मी तुला विचारायचे, दादा बरा आहे ना? तू म्हणायचीस, बरे हायत की.

थोड्या वेळानं दादा उठला. "तुजी येष्टी बाराची ना?" म्हणाला आणि आत गेला. आजवर मी निघाले की माझी पिशवी तो घ्यायचा, तू मागून येऊन पिशवीत आमसुलाची पुडी कोंबायचीस, आणि दोघं मला थांब्यापर्यंत सोडायचात. त्या दिवशी मी पिशवी उचलली आणि एकटीच गेले. वळून बघितलं तेव्हा पडवी रिकामी होती. तुझ्यावरचा आरोप तेवढा त्या घरातून गेला, आणि माझ्या मते त्याच्याबरोबर मीही गेले. त्याचं मला दुःख होतंय. पण सांगितल्याचा पश्चात्ताप नाही, एवढं तुला कळावं.

आज सोमवार. सकाळपासून दादाला दोनदा फोन लावला. वाजून वाजून बंद होतो. आत्याला सांगितलं तर ती म्हणेल, भाऊ कसला दगडासारखा निघाला बघ. मी तिला तसं म्हणू देणार नाही. तो का उचलत नाही, ते मला पुरतं माहीत आहे.